खडक, माती आणि पदवीचे नाव

स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी झाल्यावर खडक-मातीच्या कामाकडे वळायचे, तर वाटा तीन आहेत. त्यांची नावे इतकी सारखी की फरक अनेकांच्या ध्यानात येतो तो फी भरून पहिले सत्र निम्मे उलटल्यावर. जिओटेक्निकल इंजिनिअरिंगचा एम.टेक. स्थापत्य विभागात चालतो. पाया, मातीची भारक्षमता, उतारांचे स्थैर्य आणि पुष्कळसे गणित हा त्याचा गाभा. इंजिनिअरिंग जिऑलॉजी भूशास्त्राच्या अंगाने शिकवली जाते. रुडकी आणि धनबाद येथील भूशास्त्र विभाग या बाजूने जुने आणि मातब्बर. जिऑलॉजिकल इंजिनिअरिंग ही स्वतंत्र शाखा मुख्यतः अमेरिका-कॅनडात रुळलेली असून कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्स हे तिचे नावाजलेले ठिकाण.

फरक कळायला कोअरची पेटी उघडलेली बरी. दीड मीटर ड्रिलिंगमधून बेसॉल्टचे ३५, २८, १८ आणि १२ सेंटिमीटरचे तुकडे निघाले, बाकी सगळा चुरा. दहा सेंटिमीटरहून लांब तुकड्यांची बेरीज ९३, म्हणून आरक्यूडी, म्हणजे खडकाच्या गुणवत्तेचा निर्देशांक, ६२ टक्के. जिओटेकचा विद्यार्थी हा आकडा घेऊन गणिताला बसतो. भूशास्त्राकडून आलेला आधी चुऱ्याचा रंग पाहतो. तो तांबडा निघाला तर दोन लाव्हाथरांमधला ‘रेड बोल’ असण्याची शक्यता. हा थर पाण्याने मऊ पडतो आणि बोगद्याच्या छताला दगा देतो. सह्याद्रीत काम करणाऱ्याला दोन्ही नजरा लागतात, पण एकच अभ्यासक्रम दोन्ही पुरेशा देतो असे क्वचितच घडते. फ्रान्समधील मालपासे धरण २ डिसेंबर १९५९ रोजी फुटले, तेव्हा काँक्रीटमध्ये दोष नव्हता. डाव्या काठाचा खडक सरकला होता.

प्रवेशासाठी गेट लागते. स्थापत्यवाल्यांची प्रश्नपत्रिका सीई, भूशास्त्रवाल्यांची जीजी. गुण तीन वर्षे चालतात. गेटमधून पूर्णवेळ एम.टेक.ला गेलेल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, मात्र वसतिगृह आणि मेस वजा जाता हाती फारसे उरत नाही. प्रवेशाचे अर्ज आयआयटी आणि एनआयटींसाठी वेगवेगळे. राज्यातल्या महाविद्यालयांची फेरी निराळी. एका फेरीच्या नादात दुसरीची तारीख हुकणे ही दरवर्षीची रड आहे.

खरी ठेच लागते नोकरीच्या जाहिरातीपाशी. भूशास्त्रात एम.एस्सी. करून जिओटेकचा एम.टेक. मिळवलेला उमेदवार सरकारी भरतीत स्थापत्य अभियंता ठरत नाही, कारण अट मूळ पदवीची असते. उलट बाजूने, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या भूवैज्ञानिकाच्या पदासाठी लोकसेवा आयोग भूशास्त्र किंवा त्याच्या ठरावीक उपशाखांतली पदव्युत्तर पदवी मागतो, स्थापत्याची बी.ई. तिथे उपयोगी पडत नाही. उपशाखांची ही यादी जाहिरातीत शब्दशः छापलेली असते, आणि पदवी प्रमाणपत्रावरचे नाव तिच्याशी जुळले नाही तर कागदपत्र तपासणीत गाडी अडते. ‘समकक्ष आहे’ असे महाविद्यालयातले कोणी तोंडी सांगितले, तर त्यावर विसंबू नये. समकक्षतेचे पत्र आधीच लेखी घ्यावे. खासगी सल्लागार कंपन्यांत एवढा काटेकोरपणा नसतो. तिथे विचारतात ते कोअर लॉगिंग येते का, कोणते सॉफ्टवेअर हाताळले आणि साइटवर राहण्याची तयारी आहे का.

विभाग पारखायचा तर माहितीपत्रक बाजूला ठेवून गेल्या दोन-तीन वर्षांच्या प्रबंधांचे विषय पाहावेत. सगळेच संगणकावरचे असतील तर तिथल्या प्रयोगशाळेत ट्रायअ‍ॅक्सियल यंत्र नुसते धूळ खात असण्याचा संभव आहे. वैकल्पिक विषयांची यादी लांबलचक असते, पण शिकवायला माणूस असतो तेवढेच विषय सुरू होतात. म्हणून प्रत्यक्षात काय शिकवले, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडूनच कळते.

परदेशी जाणाऱ्याने प्रबंधासह एम.एस. आणि केवळ अभ्यासक्रमाचा एम.ई. यांतला फरक पैशाच्या अंगानेही पाहावा. सहाय्यकाचे काम आणि त्यासोबत फीची सवलत मिळण्याची शक्यता पहिल्यात बरीच जास्त. दुसरा लवकर आटोपतो, पण खर्च बहुधा पदरचा. अमेरिकेत आराखड्यावर सही करायला पीई परवाना लागतो, तर भूशास्त्रज्ञाचा पीजी परवाना वेगळा. दोन्हींचे नियम राज्यागणिक बदलतात. पीईसाठी भारतीय पदवीचे मूल्यांकन बहुधा एनसीईईएस या तिथल्या परवाना-परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून करून घ्यावे लागते. त्यात विषयवार श्रेयांक मोजले जातात, तेव्हा बी.ई.चा तपशीलवार अभ्यासक्रम देश सोडण्यापूर्वीच विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी काढून ठेवावा. नंतर सातासमुद्रापलीकडून तो मिळवणे जिकिरीचे होते.