लैंगिक समुपदेशनाकडे जाणारी वाट

प्रश्न : मानसशास्त्रात एम. ए. झाले आहे. लैंगिक शिक्षण आणि समुपदेशन करायचे आहे. अल्पमुदतीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पुरेल का?

उत्तर : नाही पुरणार. लैंगिक तक्रार घेऊन येणाऱ्याचे दुखणे मनाचे की शरीराचे, हे सुरुवातीला त्यालाही ठाऊक नसते. ताठरतेची अडचण ही मधुमेहाची किंवा रक्तवाहिन्यांच्या आजाराची खूण असू शकते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी कामेच्छा मंदावते. आणि ‘धातू जातो’ या धास्तीने खंगलेल्या तरुणाला टॉनिक नको, शरीराची खरी माहिती आणि चिंतेवरचे उपचार हवे असतात. हा फरक ओळखण्याची नजर ज्येष्ठांच्या देखरेखीखाली रुग्णांसोबत काम करूनच येते. म्हणून आधी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले चिकित्सा मानसशास्त्राचे प्रशिक्षण घ्या, मग या विषयाकडे वळा.

‘मला फक्त शाळांत शिकवायचे आहे, मग एवढे कशाला?’ असे तुम्ही म्हणाल. शिकवणाऱ्याला निदान करावे लागत नाही, हे खरे. पण तासानंतर एखादी मुलगी घरातल्या अत्याचाराबद्दल बोलली, तर २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. गुप्ततेचे वचन तिथे टिकत नाही, आणि हे तिला सांगताना तिचा विश्वास तुटू न देणे ही शिकण्याचीच गोष्ट आहे. लैंगिक शिक्षणाचा प्रसार करणारे र. धों. कर्वे तर गणिताचे प्राध्यापक होते, असाही दाखला दिला जातो. पण १९२१मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले तेव्हा प्रशिक्षणाची ही वाटच नव्हती. आज ती आहे. प्रमाणपत्र अभ्यासक्रम जरूर करा, पण त्या प्रशिक्षणानंतर.