पॅन उचला, आकडा बघा

टेक्सासमध्ये एखाद्या रायफल क्लबात नाव घातलं की माणूस हळूहळू रीलोडिंगकडे ओढला जातो. झाडलेल्या काडतुसाचं पितळी टरफल साफ करायचं, नवा प्रायमर बसवायचा, पावडर तोलून भरायची आणि वर गोळी प्रेसने दाबून बसवायची. स्वतःच्या वापरापुरतं हे करायला अमेरिकेत केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायला लागतो. भारतात परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हा आर्म्स अ‍ॅक्ट, 1959 खाली गुन्हा आहे. तेव्हा पुण्या-नागपूरच्या वाचकांनी हे वाचून सोडून द्यावं. इथे अमेरिकेत राहून हा छंद धरलेल्या मराठी मंडळींशी मात्र मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण त्यांच्यातले बरेचजण प्रेसवर भरपूर पैसे घालतात आणि वजनकाटा घेताना हात आखडतात.

पावडर ग्रेनमध्ये तोलतात. एका पौंडात 7000 ग्रेन. एक ग्रेन म्हणजे जेमतेम 65 मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित जास्त. .308 विंचेस्टरच्या काडतुसात साधारण चाळीस ते पंचेचाळीस ग्रेन पावडर जाते. तिथे अर्धा ग्रेन इकडेतिकडे झाला तर फरक एखाद्या टक्क्याचा. 9 मिलिमीटरच्या पिस्तुलात मात्र पावडर पाच ग्रेनच्या आसपास, म्हणजे तोच अर्धा ग्रेन दहा टक्के होतो. शिवाय दाब पावडरच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्याहून वेगाने चढतो. लांब पल्ल्याच्या रायफलवाल्यालाच चांगला काटा लागतो अशी समजूत आहे. सुरक्षेच्या हिशेबाने पाहिलं तर काट्याची खरी परीक्षा पिस्तुलवाल्याकडे होते.

माझा पहिला काटा खिशात मावणारा होता, दागिने तोलायला विकतात तसला. आकडा 0.02 ग्रेनच्या पायरीने बदलायचा, त्यामुळे फार अचूक काहीतरी हाती लागल्यासारखं वाटायचं. सकाळी गॅरेजमध्ये सगळं ठीक चाले. ऊन चढलं, पत्र्याचं दार तापलं की आकडा सरकू लागे. पण सरकतोय हे काटा सांगत नाही, दोन दशांशांचा आकडा तो तितक्याच ठामपणे दाखवत राहतो. क्लबातले एक वयस्कर सभासद त्या दिवशी सहज आले होते. त्यांनी रिकामं पॅन उचललं, पडद्यावरचा उणे आकडा वाचला आणि विचारलं, सकाळी हा किती होता?

पॅन ठेवून शून्य केलं की उचलल्यावर काटा पॅनचंच वजन उणे दाखवतो. पॅन तेच आहे, तेव्हा तो आकडाही तोच यायला हवा. सकाळचा आकडा माझ्या वहीत होता, आणि आता तो जवळजवळ एक ग्रेनने वेगळा होता. आम्ही त्या बैठकीतली काडतुसं हातोडीसारख्या पुलरने आपटून उघडली आणि पावडर दांडीच्या काट्यावर पुन्हा तोलली. सुरुवातीची बरोबर निघाली. शेवटची जड होती. सगळी सारखीच चुकली असती तर निदान रेंजवर लक्षण दिसलं असतं. ही चूक डब्यात क्रमाने वाढत गेली होती. तेव्हापासून दर दहा-बारा काडतुसांनी मी पॅन उचलून तो उणे आकडा बघतो. या सवयीला पैसे लागत नाहीत, आणि महागातल्या महाग काट्यालाही ती लागते.

स्वस्त काट्यात लोडसेल असतो: धातूची छोटी पट्टी वजनाने नकळत वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या तारेच्या जाळीचा विद्युतरोध बदलतो, आणि त्यावरून वजन काढलं जातं. तापमानाने हे सगळंच हलतं. म्हणून काटा अर्धा तास आधी चालू करून ठेवायचा. बॅटरीवर चालणारा आणि दोन मिनिटांत आपोआप बंद होणारा काटा या कामाला घेऊच नये, कारण बंद झाला की शून्यही गेलं. भिंतीतल्या विजेवर चालणारा घ्या.

दुसरी खोड जास्त फसवी आहे. बऱ्याच काट्यांना हळू होणारा बारीक बदल म्हणजे शून्याची सरक वाटते आणि ते तो गिळून टाकतात. ट्रिकलरने आपण एकेक दाणा सोडतो, नेमका तसाच बदल. पाच-सहा दाणे पडले तरी आकडा ढिम्म, आणि पॅन उचलून परत ठेवलं की एकदम पुढे गेलेला. काटा घेतल्यावर पहिल्याच दिवशी हे करून बघा: पॅनमध्ये नेहमीची मात्रा ठेवा, चिमट्याने दाणा दाणा टाका आणि आकडा पाठोपाठ चालतो का ते पाहा. चालत नसेल तर परतीची मुदत संपायच्या आत काटा परत करा.

सोबत येणारं 50 ग्रॅमचं वजन काटा जुळवायला ठीक. आपण तोलणार मात्र दोन-तीन ग्रॅम, पिस्तुलाला तर एका ग्रॅमच्या बरंच खाली. म्हणून छोट्या वजनांचा वेगळा संच घ्यायचा, शक्य तर एफ1 दर्जाचा. एम1 या खालच्या दर्जाची घेतलीत तर त्यांची मान्य चूक किती ते आधी वाचा. दोन ग्रॅमचं वजन 30.9 ग्रेन दिसायला हवं, 30.8 दिसलं तरी चालेल. ही वजनं बोटांनी उचलू नयेत, चिमट्याने उचलावीत.

आणि ते एककाचं बटण! एका ग्रॅममध्ये 15.43 ग्रेन असतात, आणि पडद्यावर दोन्हींची खूण बारीक अक्षरांत, एखाद्या अक्षराच्या फरकाने येते. एकक कायमचं ठरवून ठेवता येणारा काटा मिळाला तर थोडे जास्त पैसे द्या.

चुंबकीय बल संतुलनाचे काटे वेगळ्या जातीचे. त्यांत चुंबकाच्या क्षेत्रातल्या वेटोळ्यातून वीज सोडून वजन तोलून धरतात आणि किती वीज लागली त्यावरून आकडा काढतात. ए अँड डीचा एफएक्स-120आय स्पर्धेत भाग घेणाऱ्यांच्या टेबलांवर दिसतो; तो एका मिलिग्रॅमपर्यंत वाचतो आणि दाणा पडला की आकडा हलतो. किंमत साध्या काट्याच्या कितीतरी पट. हजार यार्डांवर मारणार नसाल तर मी तो घ्या म्हणणार नाही. पण तोही एसीच्या झोताखाली ठेवला तर डोलतो, प्लास्टिकच्या नरसाळ्यावरची स्थिर वीज त्यालाही छळते. नरसाळं ड्रायर शीटने पुसून घ्या आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

कोणताही इलेक्ट्रॉनिक काटा घेतलात तरी शेजारी एक दांडीचा काटा असू द्या. आरसीबीएसचा 5-0-5 किंवा 10-10 जुन्या सामानाच्या विक्रीत अजून मिळतो. त्याला तापमानाची फारशी पर्वा नसते, ऑन-ऑफचा प्रश्नच नाही. हळू आहे, म्हणून रोजच्या तोलण्याला नको. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी पडताळणीला पुरे. जुना घेताना दांडीची सुरीधार टवका न गेलेली आहे ना ते बोटाने नाही, भिंगाने बघा, आणि पॅन त्याच काट्याचं आहे का हे विकणाऱ्याला विचारा. दुसऱ्याचं पॅन लावलेलं असलं तर पायाचा स्क्रू कितीही फिरवा, शून्य जुळत नाही.