चार मीटरच्या अलीकडे की पलीकडे?

प्रश्न : आम्ही ठाण्यात राहतो. घरात आम्ही दोघं, आई आणि शाळेत जाणारी दोन मुलं. जुनी हॅचबॅक काढून एसयूव्ही घ्यायची आहे. एरवी गाडी शहरातच फिरते. गणपतीत आणि मे महिन्यात मात्र संगमेश्वरजवळच्या गावी जाणं ठरलेलं. नेक्सॉन, थ्री एक्सओ आणि क्रेटा अशा तिन्ही गाड्या बघून आलो. बाहेरून क्रेटा मोठी दिसते, पण मागे तिघं बसून पाहिलं तर फारसा फरक जाणवला नाही. सुरुवातीच्या किमतींत मात्र तीन लाखांहून अधिक अंतर आहे. हे पैसे नेमके कशाचे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : शोरूममध्ये मागे तिघांना बसवून पाहिलंत, हे उत्तम केलंत. तुम्हाला जे जाणवलं ते मोजपट्टीवरही खरं आहे. क्रेटाची लांबी ४३३० मिलिमीटर, नेक्सॉनची ३९९५. म्हणजे क्रेटा जवळजवळ फूटभर लांब. पण रुंदी बघा : क्रेटा १७९० मिलिमीटर, नेक्सॉन १८०४ आणि थ्री एक्सओ १८२१. तिघांच्या खांद्यांना जागा लागते ती रुंदीतून. वरच्या वर्गातली गाडी तिथे काहीच वाढवून देत नाही.

मग नेक्सॉनची लांबी ज्याच्या जेमतेम आत ठेवली आहे, ती चार मीटरची रेघ आली कुठून? २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. लहान गाडी कोणती, तर लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. अपेक्षा हॅचबॅकची होती. पण कंपन्यांच्या डिझाइन विभागांनी ही मर्यादा डोळ्यांसमोर ठेवून आधी सेडानच्या डिक्या छाटल्या आणि मग एसयूव्ही त्याच मापात बसवल्या. आपल्या पिंपरी-चिंचवडच्या प्रीमियरने २००९ मध्ये रिओ आणली, २०१३ मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आली, २०१६ मध्ये ब्रेझा, २०१७ मध्ये नेक्सॉन. ह्युंदाईची व्हेन्यू परदेशात ४०४० मिलिमीटर लांबीची विकली गेली आणि भारतात ३९९५. ४५ मिलिमीटरचा हा फरक चालवणाऱ्याला कधी कळणारही नाही, पण कराचा अख्खा टप्पा त्याने बदलतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के. उदाहरणादाखल करापूर्वी ८ लाख किंमत असलेल्या दोन पेट्रोल गाड्या घेऊ, एक रेघेच्या आतली आणि एक बाहेरची. पहिली ९ लाख ४४ हजारांना पडते, दुसरी ११ लाख २० हजारांना. त्यावर आरटीओचा कर. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे २० लाखांपर्यंत १२ टक्के. डिझेलला दोन टक्के जास्त. म्हणजे पहिलीवर आणखी साधारण १ लाख ४ हजार, दुसरीवर १ लाख ३४ हजार. बनवायला दोन्हींना सारखाच खर्च आला, तरी रस्त्यावर येईपर्यंत दोन लाखांहून जास्त अंतर पडलं. तुम्ही विचारलेल्या पैशांचा मोठा वाटा इथे गेला. तुमच्या सीटखाली किंवा बॉनेटखाली तो कुठेच सापडणार नाही.

पण नुसती लांबी बघून फसू नका. ब्रेझा ३९९५ मिलिमीटरचीच आहे, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं. त्यामुळे तिला ४० टक्केच लागू होतात. कोटेशन हातात आलं की इंजिनाचे सीसी वाचायची सवय ठेवा. थर्ड पार्टी विम्यात मात्र फरक पडत नाही. १००० ते १५०० सीसीचा गट एकच आहे; १.२ लिटरची नेक्सॉन आणि १.५ लिटरची क्रेटा दोन्ही त्यातच येतात.

आता जास्तीच्या लांबीतून खरोखर काय मिळतं ते पाहू. पहिली गोष्ट डिकी : नेक्सॉनची ३८२ लिटर, क्रेटाची ४३३. हा फरक विमानात हातात नेता येणाऱ्या एका बॅगेएवढा. थ्री एक्सओची डिकी २९५ लिटरची, आणि ती गावच्या सामानाला निश्चित कमी पडेल. पाच माणसांचे कपडे, गणपतीचं सामान, परतीला फणस आणि तांदूळ, हे तिच्यात मावणार नाही. टपावर कॅरिअर बसवावा लागेल. उलट याच थ्री एक्सओचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २६०० मिलिमीटर आहे, क्रेटाचा २६१०. म्हणून मागे पाय लांब करायला तिच्यात भरपूर जागा मिळते. नेक्सॉनचा व्हीलबेस २४९८, त्यामुळे गुडघ्यांची जागा तिच्यात कमी. चार मीटरच्या आत डिकी आणि मागची बैठक एकमेकींची जागा खातात, आणि कोणाला झुकतं माप द्यायचं हे प्रत्येक कंपनी वेगळं ठरवते. मोठ्या गाडीत ही ओढाताण उरत नाही. फूटभर लांबीचा खरा फायदा एवढाच, आणि काही घरांसाठी तो फार मोलाचा असतो.

गावच्या वाटेवरच्या घाटाचं म्हणाल तर लहान गाडी घेतली म्हणून कमी पडायचं कारण नाही. क्रेटाचं साधं १.५ लिटर पेट्रोल इंजिन ११५ पीएसचं, नेक्सॉनचं १.२ लिटर टर्बो १२० पीएसचं. डिझेलमध्ये क्रेटाचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर, नेक्सॉनचा २६० आणि थ्री एक्सओचा ३००. पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन चढ चढताना हाच आकडा कामाला येतो. नेक्सॉनचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन कमी वेगात थोडं थरथरतं, क्रेटाचं चार सिलिंडरचं गुळगुळीत चालतं, हा फरक आहे. टेस्ट ड्राइव्हला एसी लावून, सगळ्यांना बसवून एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर गाडी थांबवा आणि पुन्हा उचला. पाच मिनिटांत कळेल.

सुरक्षिततेबाबत तर मोठी गाडी म्हणजे जास्त सुरक्षित हा समज मनातून काढूनच टाका. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी नेक्सॉन होती, २०१८ मध्ये. भारत एनकॅपमध्ये थ्री एक्सओलाही पाचच तारे आहेत. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. समोरच्या धडकेची चाचणी स्थिर अडथळ्यावर होते, म्हणजे गाडी स्वतःच्याच वजनानिशी आदळते. दोन गाड्या समोरासमोर धडकल्या तर हलक्या गाडीला जास्त मार बसतो, आणि तारे सारखे असले तरी हा नियम बदलत नाही. तरीही आई मागे बसणार असतील तर मी आकारापेक्षा मागच्या तिन्ही जागांचे तीन बिंदूंचे पट्टे आणि डोक्यामागचे आधार आधी तपासेन. मधल्या जागेवर बसणाऱ्याकडेच बहुतेकदा दुर्लक्ष होतं.

सोसायटीत यांत्रिक पार्किंग असेल तर तिथेही लांबीपेक्षा उंची आडवी येते. जुन्या सांगाड्यांत बऱ्याचदा सेडानच्या उंचीचाच हिशेब असतो, आणि नेक्सॉन, क्रेटा दोन्ही १६०० मिलिमीटरपेक्षा उंच आहेत. बुकिंगच्या आधी सेक्रेटरींकडून उंचीची आणि वजनाची मर्यादा लेखी घ्या.

तुमच्या घरासाठी माझं मत स्पष्ट आहे : नेक्सॉन घ्या. वर्षातून दोनदा लागणाऱ्या एका जास्तीच्या बॅगेसाठी लाखो रुपये कर भरणं मला पटत नाही. वाचलेल्या पैशांतून वरची श्रेणी घेता येईल किंवा कर्ज तरी कमी काढता येईल. मुलं उंच होऊ लागली असती, किंवा समृद्धी महामार्गावरून नागपूरला वरचेवर जाणं असतं, तर मी क्रेटाच्या बाजूने बोललो असतो. १२० च्या वेगाने तासन्‌तास चालताना लांब व्हीलबेस आणि चार सिलिंडरचं इंजिन अंगाला कमी शिणवतात. ठाण्याच्या रहदारीत तो प्रसंग येत नाही.

प्रश्न : दर आठवड्याला कोल्हापूर–पुणे येणं-जाणं आहे. मोठी हायब्रिड ग्रँड व्हिटारा घ्यावी की सीएनजीवरची नेक्सॉन? सामान बरंच असतं.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सामान बरंच असेल तर डिकी उघडून पाहिल्याशिवाय ठरवू नका. ग्रँड व्हिटारा ४३४५ मिलिमीटर लांब आहे, पण स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटरी मागे बसवलेली असल्याने डिकी २६५ लिटरचीच उरते. सीएनजी नेक्सॉनमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी आडव्या ठेवल्या आहेत, आणि वर ३२१ लिटर जागा मिळते. म्हणजे इथे लहान गाडीची डिकी मोठी.

हायब्रिडचं २७.९७ किलोमीटरचं प्रमाणित मायलेज मोहात पाडतं. पण हायब्रिड सर्वाधिक इंधन वाचवते ती थांबत-थांबत चालताना, कारण ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठते आणि हळू वेगात इंजिन बंद राहतं. महामार्गावर एका लयीत चालताना ब्रेकच कमी लागतो, त्यामुळे तो फायदा आटतो. पुण्यात पोहोचल्यावर दिवसभर शहरात फिरणं असेल तर गणित हायब्रिडकडे झुकू शकतं. नुसतं महामार्गावरून जाऊन परत यायचं असेल तर सीएनजी घ्या, आणि बुकिंगच्या आधी तुमच्या नेहमीच्या वेळेला कराड-साताऱ्याच्या पंपांवर किती रांग असते ते एकदा थांबून बघा.