वाणीचं तप आणि घरातला अबोला



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५. वेळ असेल तर त्याच्या आधीचा १४ वा आणि नंतरचा १६ वा श्लोकही वाचून घ्या. आज तिन्ही लागणार आहेत.

आधी संदर्भ बघू. सतराव्या अध्यायाचं नाव श्रद्धात्रयविभागयोग. सुरुवातीला अर्जुन विचारतो, की जे शास्त्राचा विधी सोडून पण श्रद्धेने पूजा करतात, त्यांची निष्ठा कोणती समजायची? उत्तरात भगवंत श्रद्धेचे तीन प्रकार सांगतात आणि मग आहार, यज्ञ, तप, दान यांच्याकडे वळतात. तप म्हटलं की आपल्याला हिमालय, एका पायावर उभा असलेला ऋषी आणि कडक उपास आठवतात. पण याच अध्यायात पाचव्या-सहाव्या श्लोकांत, दंभाने शरीराला छळणाऱ्या घोर तपाला भगवंत आसुरी म्हणतात. खरं तप ते पुढे १४ ते १६ या तीन श्लोकांत सांगतात : शरीराचं, वाणीचं आणि मनाचं. यातल्या एकासाठीही घर सोडावं लागत नाही.

१५ वा श्लोक वाणीच्या तपाचा. बोलण्याच्या चार कसोट्या तो देतो. ऐकणाऱ्याला उद्वेग होऊ नये, बोलणं खरं असावं, गोड वाटावं आणि हिताचं असावं. चारपैकी एखादी जमली की पास, असं नाही. चारही एकदम हव्यात. आणि त्याच श्लोकात शेवटी पाचवी गोष्ट येते : स्वाध्यायाचा अभ्यास, म्हणजे शास्त्राचं नित्य पठण.

कॉलेजात असताना हा श्लोक मी पाठ केला होता. तो शेवटचा तुकडा तिथे का आहे, हे मात्र गेल्या पावसाळ्यात कळलं. तेही स्वतःच्या चुकीतून.

आमचं घर रत्नागिरीत. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करतो. घरात आई, बाबा, बायको आणि सहा वर्षांची लेक. बाबांचा कित्येक वर्षांचा नेम आहे. संध्याकाळी सातला देवापाशी दिवा लागला की हरिपाठ, आणि मग ‘अभंग ज्ञानेश्वरी’तल्या दहा-बारा ओव्या, मोठ्याने. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ‘अभंग ज्ञानेश्वरी’ ही पावसच्या स्वामी स्वरूपानंदांची. ज्ञानेश्वरी त्यांनी सोप्या मराठीत, अभंगाच्या रूपात आणली. बाबांची प्रत इतकी जुनी आहे की तिची शिवण आईने दोनदा नव्याने घातली आहे.

तर जुलैमधली गोष्ट. दुपारपासून लाइट जात-येत होती, इन्व्हर्टरनेही मान टाकायला घेतली होती आणि मी लिहिलेल्या कोडमुळे एका ग्राहकाचं काम अडून बसलं होतं. सातला कॉल सुरू झाला. पलीकडे पाच-सहा जणं, आणि भिंतीपलीकडून बाबांचा आवाज. कौलांवर पाऊस कोसळत होता म्हणून त्यांनीही आवाज नेहमीपेक्षा चढवलेला. कॉलवर कोणीतरी हसून विचारलं, "तुमच्याकडे काही कार्यक्रम आहे का?" मी म्यूट केलं, दार उघडलं आणि म्हणालो, "बाबा, जरा मनात वाचता येत नाही का? इथे माझी नोकरी जायची वेळ आलीये आणि तुमचं आपलं रोजचं चालूच!"

बाबांनी ओवीवर खूण ठेवली, पुस्तक मिटलं. "बरं," एवढंच म्हणाले.

बग सापडला, कॉल संपला, नोकरीला काही झालं नाही. रात्री जेवायला फणसाची भाजी होती, गप्पाही झाल्या. मी ते विसरूनसुद्धा गेलो. दुसऱ्या दिवशी सात वाजता घर शांत होतं. मला वाटलं, बरं झालं, समजून घेतलं त्यांनी.

दोन-तीन आठवडे गेले. एका संध्याकाळी लेकीने विचारलं, "आबा आता बाप्पाला गोष्ट का नाही सांगत?" तिच्या लेखी ते पठण म्हणजे आबा देवाला गोष्ट सांगतात. मी काही बोलायच्या आत तिनेच उत्तर दिलं, "तू ओरडलास म्हणून ना?"

त्या रात्री मी नेहमीप्रमाणे चिंतन लिहायला बसलो. एक ओळ लिहवेना. खोलीचं दार लावून मी शास्त्रावर लिहीत होतो, आणि त्याच घरात चाललेलं शास्त्राचं वाचन मीच बंद पाडलं होतं.

मग पुन्हा १७ वा अध्याय उघडला आणि माझ्या त्या एका वाक्याला चारही कसोट्या लावून बघितल्या. खरं होतं का? नोकरी जायची वेळ वगैरे काही आली नव्हती. काम अडलं होतं इतकंच. गोड होतं का? विचारायलाच नको. हिताचं होतं का? माझ्या कॉलच्या पुढच्या वीस मिनिटांच्या हिताचं, बस्स. आणि उद्वेग? सत्तरीतल्या माणसाने आपला नेम मोडला, यातच उत्तर आलं.

जास्त लाज वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. ऑफिसात नव्या मुलाच्या कोडवर कमेंट लिहिताना मी ती दोनदा वाचतो. "हे चूक आहे" असं न लिहिता "हे असं करून बघूया का?" असं लिहितो. म्हणजे उद्वेग न देता खरं बोलणं मला येतं! येत नाही असं नाहीच. घरी ते वापरत नाही. घरच्या बोलण्याला रिव्ह्यू नाही, ते थेट प्रॉडक्शनला जातं. कारण मनात कुठेतरी धरून चाललोय की आपलीच माणसं आहेत, कुठे जाणार?

या श्लोकावर ज्ञानेश्वर माउलींनी दोन दाखले दिलेत, ते फार जवळचे वाटले. पहिला परिसाचा. परीस लोखंडाचं सोनं करतो, पण त्यासाठी लोखंड तोडत नाही, त्याचं वजन घटवत नाही. बोलण्याने समोरच्यात बदल व्हावा तो असा. माझ्या बोलण्याने बदल झाला होता, घर शांत झालं होतं. पण बाबांमधलं काहीतरी तोडून.

दुसरा दाखला पाण्याचा. पाणी घालतो आपण झाडाला, पण त्याच्या आसऱ्याने बाजूचं गवतही जगतं. तसं एकाला बोललेलं सगळ्यांच्याच हिताचं व्हावं, असं माउली म्हणतात. आपल्या कोकणात हे रोज दिसतं. माडाच्या आळ्यात पाणी सोडलं की कडेची अळूची पानंही तरारतात, त्यांना वेगळं शिंपावं लागत नाही. घरातलं बोलणं असंच आहे. कोणा एकाला उद्देशून आपण बोलतो आणि मुळं सगळ्यांची भिजतात. मी ओरडलो बाबांवर. ऐकलं लेकीने. आईनेही ऐकलं असणार, ती फक्त बोलली नाही.

आता थोडं १६ व्या श्लोकाकडे. तो मनाच्या तपाचा. मनाची प्रसन्नता, सौम्यता, मग मौन, आत्मसंयम आणि भावशुद्धी. गंमत बघा, मौन इथे आलंय. खरं तर न बोलणं म्हणजे वाणीचं तप, असं आपल्याला वाटेल. पण भगवंतांनी मौन ठेवलंय मनाच्या यादीत, प्रसन्नता आणि सौम्यतेच्या शेजारी. म्हणजे तोंड बंद आणि आत धुसफूस, याला मौन म्हणता येत नाही. त्याला आपल्याकडे दुसरा शब्द आहे, अबोला.

आपल्यापैकी बरेच जण इथे फसतात. घरात काही बिनसलं की आपण गप्प होतो आणि स्वतःला सांगतो, "मी शांत राहिलो, वाद वाढवला नाही." चार दिवस माणसं एकमेकांशी "मीठ दे", "दार लाव" एवढंच बोलतात. बाहेरून सगळं ठीक. पण त्या शांततेत ना वाणीचं तप असतं ना मनाचं. आमच्या घरात त्या दोन-तीन आठवड्यांत एकदाही भांडण झालं नव्हतं, आणि मी त्यालाच सुख समजत होतो.

बापलेकांमधल्या अशा तिढ्याची एक जुनी गोष्ट आहे, पैठणच्या नाथांच्या घरातली. संत एकनाथ म्हणजे ज्ञानेश्वरीचे पाठ तपासून शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत सिद्ध करणारे. त्यांचे चिरंजीव हरिपंडित संस्कृतचे मोठे विद्वान. परंपरेत कथा सांगतात ती अशी. वडिलांनी लोकांना मराठीत पुराण सांगावं, कोणाच्याही घरी जेवावं, हे हरिपंडितांना पटत नव्हतं. ते रुसून काशीला निघून गेले. शेवटी नाथ स्वतः काशीला गेले, मुलाला घरी आणायला. हरिपंडितांनी दोन अटी घातल्या : मराठीत पुराण सांगायचं नाही आणि परान्न घ्यायचं नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या! पैठणला परतल्यावर हरिपंडित संस्कृतात प्रवचन करू लागले आणि श्रोते हळूहळू कमी होत गेले. पुढे हरिपंडितांचे डोळे उघडले आणि नाथांचं मराठी निरूपण पुन्हा सुरू झालं, असं कथा सांगते.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय आणि दरवेळी नाथांच्या बाजूने ऐकत आलोय. या वेळी पहिल्यांदा मी हरिपंडितांच्या जागी होतो. त्यांचाही हेतू वाईट नव्हता. आपलं बरोबर आहे अशी खात्री होती, इतकंच. आणि "बरं" म्हणून पुस्तक मिटणारे बाबा मला अटी मान्य करणाऱ्या नाथांसारखे दिसले. फरक एवढाच की नाथ मुलाला आणायला गेले होते. आमच्याकडे जायची पाळी माझी होती.

दुसऱ्या दिवशी गेलो. म्हणालो, "बाबा, त्या दिवशी मी चुकलो. तुम्ही वाचायला लागा ना परत." वाटलं होतं, ते हसतील आणि विषय संपेल. ते म्हणाले, "नाही रे, त्याचं काही नाही. हल्ली डोळेच दुखतात संध्याकाळचे."

डोळे दुखत नव्हते हे मला माहीत होतं, आणि मला ते माहीत आहे हे त्यांनाही. पण काय म्हणणार? एका वाक्याने तुटलेलं दुसऱ्या एका वाक्याने जुळेल, ही माझीच घाई होती.

मग टीमला मेसेज टाकला : संध्याकाळी सात ते साडेसात मी उपलब्ध नसेन, फारच अडलं तर फोन करा. उत्तर आलं, "ओके." बस्स. हाच मेसेज मी जुलैमध्येही टाकू शकलो असतो.

सातला दिवा लागल्यावर मी बाबांची प्रत घेऊन देवापाशी बसलो. लेक मांडीवर. जिथे खूण होती तिथूनच वाचायला लागलो. बाबा ओटीवर झोपाळ्यावर होते, पाठ आमच्याकडे. दुसऱ्या की तिसऱ्या ओवीत एका शब्दावर मी अडखळलो आणि भलत्याच जागी थांबलो. झोपाळा थांबला. बाहेरून आवाज आला, "तिथे नाही थांबायचं. पुढच्या शब्दाला जोडून वाच." आणखी दोन ओव्या, आणखी एक चूक. मग ते उठून आत आले, चष्मा लावला आणि म्हणाले, "आण इकडे. अर्थाची वाट लावतोयस."

स्वामी स्वरूपानंद १९०३ साली पावसला जन्मले आणि १९७४ साली तिथेच समाधिस्थ झाले. त्यातली अखेरची चाळीसेक वर्षं ते पावसला देसाई कुटुंबाच्या घरात, ‘अनंत निवास’मध्ये राहिले. आमच्यापासून पावस वीसेक किलोमीटर, भाट्याच्या पुलावरून पुढे. लहानपणापासून कितीदा गेलो असेन, पण ही बाब कधी मनात थांबली नव्हती, की हे सगळं एका नांदत्या घरात घडलं. नांदतं घर म्हटलं की तिथे भांडी वाजणार, पाहुणे येणार, कोणाचं काही बिनसणारही. शास्त्राला वेगळी खोली लागते, हा माझा समज होता.

आता त्या शेवटच्या तुकड्याचा मला लागलेला अर्थ सांगतो. उद्वेग न देणारं बोलणं आणि शास्त्राचं पठण, दोन्ही एकाच श्लोकात आहेत, कारण जीभ एकच आहे. सकाळी स्तोत्र म्हणणारी आणि संध्याकाळी "तुमचं आपलं रोजचं चालूच" म्हणणारी. एकीकडे तप आणि दुसरीकडे सूट, असं तिच्यापुरतं चालत नाही.

आजचा अभ्यास, तीनच गोष्टी :

१. आज घरात कोणावर चिडायची वेळ आली, तर बोलण्याआधी चारपैकी निदान एक कसोटी आठवा. मी "हे खरं आहे का?" इथून सुरू करतो. चिडलेल्या वाक्यात अतिशयोक्ती हमखास सापडते.

२. घरात सध्या कोण गप्प झालंय, ते बघा. भांडणारं माणूस लगेच दिसतं, गप्प झालेलं दिसायला वेळ लागतो.

३. चूक आपली असेल तर माफी मागा, पण तेवढ्यावर थांबू नका. आपण जे थांबवलं, ते आपल्या हाताने पुन्हा सुरू करा. भले अडखळत का होईना.

कालच सात वाजता परत लाइट गेली. बाबा समईच्या उजेडात वाचत होते, लेक मध्येच "मग काय झालं?" विचारत होती आणि पलीकडे माझा फोन वाजत होता. आईने तो उचलून उशीखाली ठेवला.

उद्या १६ वा श्लोक सविस्तर बघू. तोवर, घरच्यांशी जपून बोला.

राम कृष्ण हरी!