गाय तीच, चारा तोच

आष्टी तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर मी दिवाळीच्या तोंडावर तीन आठवड्यांत उरकलं. चेअरमननी दर पाडून मागितला, मी पाडला. बीडमध्ये धंदा नवा, गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. स्क्रीन देखणी, चिठ्ठी झटपट, वर मोबाइलवर मेसेज. तपासणीचे चार दिवस तेवढे छाटले, आणि छाटले हे कुणाला सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी दोन गाईंवर घर चालवणाऱ्या एका मावशींनी चिठ्ठी पुढे धरली. "गाय तीच, चारा तोच, मग एसएनएफ कसं घसरलं, दादा?" त्यांच्या दहावीतल्या पोरानं ती चिठ्ठी केंद्राच्या भिंतीवरच्या जुन्या तक्त्याशी ताडली होती. तक्त्यात ८.५, चिठ्ठीवर ८.४.

एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ. त्याचा हिशेब साधा. लॅक्टोमीटरच्या आकड्याचा चौथा भाग, फॅटचा पाचवा भाग आणि वर एक ठरलेला आकडा. त्या केंद्रात ०.३६ धरत. लॅक्टोमीटर २९.५, फॅट ३.६ असेल तर ८.४५५ येतात, ते ८.५ धरायचे. माझा प्रोग्राम पहिल्या दशांशापुढचं सगळं तोडत होता. गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला बांधलेला. त्याखाली पॉइंटामागे पैसे कापतात. म्हणजे चूक नेमकी उंबरठ्यावर, आणि दर वेळी उत्पादकाच्याच अंगावर. केंद्रानं तक्रार करावी कशाला? त्याचे तर पैसे वाचत होते! सॉफ्टवेअरचे पैसे देणारा एक आणि त्याची चूक सोसणारा दुसरा, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

असंच दशांश तोडणं कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराला भोवलं होतं. १९८२ साली १००० वर सुरू झालेला निर्देशांक नोव्हेंबर १९८३ पर्यंत सुमारे ५२५ वर आला. हिशेब दुरुस्त केल्यावर तो ११०० च्या आसपास निघाला. तिथं बाजार होता, इथं घासलेटच्या डब्याएवढी किटली.

जुन्या सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा काढून फरक वाटायला तीन आठवडे गेले, म्हणजे सॉफ्टवेअर बनवायला लागले तेवढेच. पगार शून्य.

या धंद्यात येणाऱ्या पोरांना मी आता एवढंच सांगतो. लवकर, स्वस्त आणि चांगलं यांतलं दोनच मिळतं म्हणतात, पण सगळं काम एकाच मापानं चांगलं लागत नाही. मेसेज उशिरा येऊ द्या, रंग भडक राहू द्या. जिथं कुणाच्या पैशाचा आकडा निघतो तिथं घासाघीस नको. जुन्या रजिस्टरातल्या शंभर नोंदी आधी प्रोग्राममधून काढून पाहा. दहा दिवसांचा एक पूर्ण हप्ता वही आणि संगणक बरोबर चालवा. आणि त्या दहा दिवसांचे पैसे कोटेशनात वेगळ्या ओळीत लिहा. लपवलेली ओळ पहिली कापली जाते, तीही आपल्याच हातानं.

पुढच्या केंद्राच्या चेअरमननीही दर पाडायला लावला. मी मेसेज काढले, आलेख काढले, वहीचे दहा दिवस ठेवले. "वहीच लिहायची तर संगणक कशाला घेतला?" म्हणून सचिव कुरकुरले. सातव्या दिवशी त्यांनीच फोन केला: एका घरच्या म्हशीच्या दुधाला गाईचा दर लागत होता. चूक माझीच. बिल निघायला अजून तीन दिवस होते.