न्याय्य व्यापार : आरंभ कारागिराच्या हिशेबापासून

कारागिराची वस्तू दयेपोटी विकत घेणे म्हणजे त्याला न्याय देणे नव्हे. त्याच्या श्रमाचा पुरता हिशेब करून वेळेवर दाम चुकते करणे, यास न्याय्य व्यापार म्हणतात. संस्थेच्या सभासदांनी व विद्यार्थ्यांनी असा व्यवसाय सुरू करावयाचा असेल, तर हा फरक आधी समजून घ्यावा.

१९४६ साली एडना रूथ बायलर या अमेरिकन महिलेने प्वेर्तो रिको येथील स्त्रियांचे भरतकाम आपल्या देशात विकण्यास आरंभ केला. १९८८ साली नेदरलँड्समध्ये कॉफीवर न्याय्य व्यापाराचे पहिले चिन्ह आले. १९८९ साली जागतिक संघटना स्थापन झाली. आज तिची दहा तत्त्वे आहेत. उचित मोबदला, बालमजुरीस बंदी आणि व्यवहारातील पारदर्शकता ही त्यांपैकीच होत.

आपल्याकडे याची गरज का, हे कोल्हापुरी चपलेवरून कळते. बलुतेदारीत चर्मकाराला धान्य मिळे. भाव ठरविण्याचा अधिकार मिळत नसे. पुढे रोख पैसा आला, तरी भाव बहुधा व्यापारीच ठरवू लागला. २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी या चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीने मिलान येथे तशाच चपला दाखविल्या, तेव्हा कोल्हापूरचे नाव घेतले नाही. आक्षेप घेतल्यावर कंपनीने मूळ प्रेरणा मान्य केली व डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. यावरून बोध असा की, मानांकनाचा कागद हाती असला तरी हक्कासाठी जागरूक राहावेच लागते.

मग आरंभ कसा करावा?

१) कारागिरांसोबत बसून किंमत काढावी. समजा, एका जोडास ४०० रुपयांचा माल व दोन दिवसांचे काम लागते. रोजची मजुरी ६०० रुपये धरली, तर कारागिराचा भाव १,६०० रुपये होतो. व्यापाऱ्याने १,००० दिले, तर मजुरी रोजी ३०० रुपयेच पडली. घरातील स्त्रिया वेणी घालतात, शिवण करतात; त्यांचे तासही या हिशेबात धरावेत.

२) मागणीसोबत आगाऊ रक्कम द्यावी. हस्तकलेच्या मालासाठी, कारागिराने मागितल्यास, निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ देण्याचा न्याय्य व्यापारात दंडक आहे. त्यामुळे चामडे घेण्यासाठी सावकाराचे दार ठोठवावे लागत नाही.

३) कारागीर मालक असावेत. सहकारी संस्था काढावी, किंवा किमान दहा उत्पादक मिळून उत्पादक कंपनी नोंदवावी.

४) आधी स्थानिक बाजार पाहावा. मापे व दर्जा सारखे येऊ लागले, वेळ पाळली जाऊ लागली, की आयात-निर्यात कोड घेऊन परदेशी मागणीकडे वळावे. मोठ्या मागणीच्या मोहाने पेलणार नाही असे वचन देऊ नये.

५) वही उघडी ठेवावी. विक्री, खर्च व शिल्लक प्रत्येक सभासदास वाचून दाखवावी.

शिकलेल्या तरुणांना येथे मोठे काम आहे. पत्रव्यवहार, हिशेब आणि करारातील अटी समजावून सांगणे ही कामे त्यांनी अंगावर घ्यावीत. हातात कला आहे, पण कागद वाचता येत नाही, म्हणून आजवर कारागीर नाडला गेला. ज्या दिवशी तो स्वतःचा भाव स्वतः सांगेल आणि तो भाव का, हेही पटवून देईल, त्या दिवशी आपला व्यवसाय खऱ्या अर्थाने सुरू झाला असे आम्ही समजू.