धुके थोडेच बरे: टूलवरचा तेलफवारा लावताना

नेरे-पनवेल-तळोजा पट्ट्यातल्या लहान वर्कशॉपसाठी कूलंटच्या धो धो धारेपेक्षा तेलाचा बारीक फवारा सोयीचा आहे. धारेला मिनिटाला कित्येक लिटर लागतात, फवाऱ्याला तासाला साधारण 10 ते 50 मिलिलिटर तेल पुरते. पण सेटिंग चुकले की टूलपेक्षा ऑपरेटरच्या फुप्फुसातच जास्त तेल जाते.

काय करावे

• पावसाळ्यात सकाळी मशीन सुरू करण्याआधी कंप्रेसरच्या टाकीतले पाणी काढा. माथेरानच्या पायथ्याशी जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. कंप्रेसर ती दाबतो, टाकीत ती थंड होते आणि पाणी लाइनमधून थेट नोझलपर्यंत येते. मग फवारा थुंकल्यासारखा तुटक पडतो आणि लोक उगाच नोझल बदलत बसतात. लाइनला फिल्टर आणि रेग्युलेटर हवाच.

• आधी हवा 4 ते 6 बारवर स्थिर करा, मग तेलाचा व्हॉल्व शून्यावरून हळूहळू उघडा. नोझलपुढे काही सेकंद पांढरा कागद धरून पाहा. त्यावर पातळ, सारखा थर हवा. ओघळ आला तर तेल जास्त आहे.

• नोझल टूलच्या धारेपासून 25 ते 50 मिलिमीटरवर ठेवा. लेथवर शक्यतो खालून, टूल आणि जॉबच्या फटीत मारा. वरून मारलेला फवारा चिपच अडवते.

• वनस्पतिजन्य एस्टर तेल वापरा. महाग वाटेल, पण लागते थोडेच आणि धूरही कमी होतो.

काय टाळावे

• ॲल्युमिनियमला रॉकेल चालते म्हणून तेच फवाऱ्यात भरणे. रॉकेलचे धुके ठिणगीने पेटते.

• कूलंटच्या टाकीतले जुने, आंबलेले सोल्युबल ऑइल फवारणे. त्यातले जिवाणू श्वासात जातात.

• मॅग्नेशियमवर पाण्याचा फवारा. हायड्रोजन सुटतो, आग लागते.

• कास्ट आयर्नवर सवयीने फवारा. भुकटीचा चिखल होतो. ते बहुतेकदा कोरडेच कापावे.

• हवेत ढग दिसतोय म्हणजे काम चांगले चालले आहे, असे समजणे. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी, की हवेतले धुके घनमीटरला 0.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. ट्यूबलाइटभोवती वलय दिसू लागले तर तेल कमी करा, एक्झॉस्ट लावा. कापडी रुमाल बांधून काही होत नाही.